विरघळलेला डोंगर

पाणकडा गावाच्या टाक्याची भिंत वाजवून बघायचा मान झुंबराआत्याचा. चैत्रात पाणी तळच्या कुंडापुरतं उरल्यावर टाकं धुवायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी तिनं खाली उतरायचं, हातातल्या गोट्यानं चारही भिंती ठोकायच्या, आणि दगड खणखणला की वर बघून म्हणायचं, "या गं आता." मग बाकीच्या बाया घासायचे काथ्याचे किसे आणि राखेच्या पाट्या घेऊन उतरायच्या. हे किती पिढ्या चाललं होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि वाजवायचं कशासाठी हे कुणी विचारलंही नव्हतं. अखंड काळ्या कातळात खोदलेलं टाकं, त्याला काय धाड भरणार होती?

त्या वर्षी तीन भिंती खणखणल्या. चौथी, कड्याच्या बाजूची, आत्यानं ठोकली आणि हातातला गोटा उलटासुलटा करून पाहिला, जणू दोष गोट्याचाच असावा. पुन्हा ठोकली. भिजल्या पोत्यावर मारावं तसा बद्द आवाज आला.

आत्यानं 'या गं आता' म्हटलंच नाही. तिनं एकीलाच हाक मारली. "मोने, खाली ये."

मोनिका असवले ही आत्याची भाची. पुण्याला जाऊन भूशास्त्र शिकलेली गावातली पहिली आणि आजवर तरी शेवटची. गेली सहा वर्षं ती गावावरच्या पठाराची देखरेख कंपनीच्या पगारावर करत होती. चौतिशी आली तरी तिनं लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारायची सोयही तिनं कुणाला ठेवली नव्हती. ती खाली आली, तिनं भिंतीवर नख ओढलं. दगडाचा पापुद्रा निघाला. आत राखाडी, मऊ, ओलसर माती होती.

"काय झालं गं याला?" आत्यानं विचारलं.

"कुजलाय."

"दगुड कुजतो व्हय?"

"कुजतो, आत्या," मोनिका म्हणाली.

खरं तर दगड कुजतच असतो. आपलं आयुष्य ते बघायला पुरत नाही इतकंच. पाऊस पडताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून आणतो आणि ते पाणी किंचित आंबट होतं. ते कातळावर मुरलं की दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटं होतं, आणि हवेतल्या त्या वायूला आपल्याबरोबर बांधून घेऊन ओढ्यानदीवाटे समुद्राकडे निघतं. मागे राहते माती. देशावरची काळी माती अशीच कातळाची झाली. कोकणातला जांभा म्हणजे तर सगळं धुऊन गेल्यावर उरलेला लोखंडाचा गंजच. पृथ्वी लाखो वर्षं हवा अशी साफ करत आली आहे, पण तिचं काम सरकारी कचेरीच्याही वरताण संथ. माणसानं शे-दोनशे वर्षांत ओकलेला धूर निस्तरायचा तर तेवढा वेळ कुणाकडे नव्हता.

डॉ. शर्वरी टिळेकरांनी हे काम घाईला आणलं. बाया कातळावरून खरवडून आणतात आणि मसाल्यात घालतात ते दगडफूल सगळ्यांच्या ओळखीचं. तो बुरशी आणि शेवाळ यांचा संसार असतो. बुरशी आम्ल सोडून दगड पोखरते, शेवाळ उन्हावर दोघांचं पोट चालवतं. टिळेकर मॅडमनी त्यातल्या बुरशीची आम्ल सोडायची ताकद हजारो पटींनी वाढवली. हे नवं दगडफूल एका पावसाळ्यात बोटाच्या पेराएवढा कातळ खाई. पठारावर ते हिरवट-राखी पसरलं आणि मोनिकाची यंत्रं दर पावसाळ्यात सांगू लागली की हवेतला कार्बन पाण्यातून खाली चाललाय, भरपूर चाललाय. ती ते आकडे बघून एकटीच हसायची. मॅडमची विद्यार्थिनी होती ती, आणि तिला मनापासून वाटायचं की याहून चांगलं काम जगात दुसरं नाही.

पठार या दगडफुलासाठी तीस वर्षं कंपनीला द्यायचं की नाही यावर सहा वर्षांपूर्वी ग्रामसभा बसली तेव्हा मॅडम स्वतः चढून आल्या होत्या. घामानं निथळत होत्या. आत्यानं टाक्याचं पाणी पुढं केलं, मॅडम दोन तांबे प्यायल्या आणि म्हणाल्या, "टाक्याला धक्का लागणार नाही. काळ्या दगडावरची रेघ समजा." शेजारी उभ्या मोनिकानं मान हलवली, आणि मॅडमच्या शब्दापेक्षा तिच्या मानेवर विश्वास ठेवून गावानं हात वर केले. टाक्याभोवतीचा भाग करारातून वगळलाही होता. पण दगडफुलाला वाचता कुठं येतं? त्याची भुकटी वाऱ्यावर उडाली, टाक्याच्या तोंडाशी रुजली ती नेहमीचंच दगडफूल म्हणून खपली, आणि कड्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं त्यानं बिऱ्हाड केलं.

या टाक्याचा नेम एकच. जो पाणी पितो तो घासतो. बाया, बाप्ये, पाहुणा, कुणाला सूट नाही. सासरी गेलेल्या लेकी चैत्रात त्यासाठी माहेरी येतात. एकदा मोजणीला आलेला साहेब नेमका टाकं धुवायच्या दिवशी पाणी पिऊन बसला. त्याला विजार गुडघ्यापर्यंत दुमडायला लावून खाली उतरवला होता. पाणकडा ती गोष्ट अजून चवीनं सांगतो. मॅडम प्यायल्या त्याला सहा वर्षं झाली होती, आणि त्या काही घासायला आल्या नव्हत्या.

मोनिकानं त्याच दुपारी मॅडमना फोन लावून टाक्याचं सांगितलं.

"भिंत किती उरलीय?" मॅडमनी पहिला प्रश्न तोच केला. त्या हुशार होत्या, त्यांना बाकी काही विचारावं लागलं नाही.

"हातभर जाड होती. आता धड दगड वीतभर असेल, तोही सगळीकडे नाही. पावसाळ्यात टाकं भरलं की पाण्याच्या रेट्यानं फुटेल. उन्हाळ्यात गावाला दुसरं पाणी नाही, मॅडम."

"गाव खाली हलवायची तरतूद आहे. हायवेजवळ घरं, घरात नळ. चांगली घरं मिळतील हे मी बघते."

"मला घरं नकोत. कड्याच्या कडेचा एक पट्टा हवाय. तिथलं दगडफूल मारायची परवानगी द्या."

"ती नाही देता येणार. आज तुला दिली तर उद्या सगळ्या डोंगरावरची गावं मागतील, आणि प्रकल्प संपेल." मॅडमचा आवाज खाली आला. "मोनिका, गेल्या वैशाखात शहरात माणसं उन्हानं गेली. तुझ्या वर्गातला सुमेध गेला. त्या तापत्या हवेपुढं एक टाकं?"

मोनिकाला संताप आला तो मॅडम खोटं बोलत नव्हत्या याचा. सुमेधच्या आईला भेटायला ती स्वतः गेली होती.

"हवा सगळ्या जगाची आहे, मॅडम," ती म्हणाली. "मग तहान एकट्या पाणकड्याची का?"

मॅडमनी तब्येतीला जप म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोनिका टाक्यावर गेली तर गावानं आपला इलाज शोधूनही काढला होता. टाक्याच्या तोंडाशी कोनाड्यात टाकाई बसते. बसते म्हणजे काय, एक धोंडा आहे आणि त्यावर पिढ्यान्पिढ्यांच्या शेंदरातेलाचा थर आहे. नाक-डोळे असलेच तर ते कधीचे आत गडप झालेत. आजूबाजूचा सगळा कातळ दगडफुलानं हिरवा झाला होता, टाकाई मात्र लालभडक, शाबूत. ते बघून सरपंच किसनदादांनी बाजारातून शेंदराचे डबे आणवले होते आणि आत्या चार बायांना घेऊन टाक्याच्या आतल्या भिंतीला शेंदूर चोपडत होती.

"आत्या, थांब! हात काढ आधी!" मोनिका धावतच पायऱ्या उतरली.

"का? टाकाईनं सोताला राखलंय, भितीलाबी राखंल."

"टाकाईनं नाही राखलं. शेंदरात शिसं असतं, त्यानं राखलं. शिसं विष आहे. उद्या हेच पाणी पोरं पिणार."

आत्या सावकाश उभी राहिली. कोपरापर्यंत तिचे हात लाल होते. "देवीचा शेंदूर इख व्हय? शिकलीस लय. तुझ्या मानंवर गावानं डोंगर दिला. आता देवीलाबी नावं ठेव, मंजी झालं."

ते वर्मी लागलं. मोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हटली नाही. "देवीला नाही ठेवत, डब्याला ठेवते. आणि डोंगर माझ्या मानेवर दिलात ना, मग टाकंही माझ्याच मानेवर आहे. शेंदूर निघाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

तिनं खुरपं घेतलं आणि खरवडायला बसली. बाया निघून गेल्या. आत्या हात धुवायलाही थांबली नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा किसनदादा गुपचूप उतरले, दुसरं खुरपं घेऊन शेजारी बसले आणि शेंदूर पुरा निघेस्तोवर खरवडत राहिले. निघालेली लाल माती त्यांनी गोणीत भरून तोंड बांधलं.

दमून मोनिका वर आली आणि बैठकीच्या धोंड्यावर टेकली. टाक्याच्या तोंडाशी हा सपाट धोंडा आहे. पाण्याला आलेलं माणूस इथं बसून पान नाहीतर तंबाखू खातं, आणि बोटाला उरलेला चुना धोंड्याला पुसतं. तिच्या आज्यापणज्यांपासूनची चुन्याची बोटं त्यावर उमटलेली होती. मोनिकाचा हात सहज त्यावरून फिरला आणि थबकला. बोटं हाताला लागत होती. चारी बाजूंचा दगड दगडफुलानं खाल्ला होता, आणि जिथं जिथं चुना पुसला होता तिथला कातळ जसाच्या तसा वर उचलून राहिला होता.

ती खदखदून हसली. किसनदादांना वाटलं, पोरीला ऊन लागलं.

"आत्याची चुन्याची डबी आणा," ती म्हणाली.

डबी घेऊन आत्याच आली, तोंड फुगवून. मोनिकानं बोटभर चुना जिवंत दगडफुलावर फासला. बघता बघता ते पिवळं पडलं, मग तांबूस झालं. "हे आम्लावर जगतं. चुना म्हणजे त्याच्या उलट. याला तो सोसतच नाही. आणि चुना पाण्याला बाधत नाही, आत्या."

आत्यानं वाकून पाहिलं. "आमच्या तोंडात एवढा पोळतो, तर त्याला पोळंलच की." मग थोड्या वेळानं, कुणाला तरी दुसऱ्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली, "कव्हामव्हा उजेड पडतो हिच्या डोक्यात."

पण एवढा चुना आणायचा कुठून? बाजारातून वर यायच्या एकुलत्या वाटेवर कंपनीचा नाका होता आणि कसल्याही भुकटीचं पोतं वर न्यायला बंदी होती. दगडफुलाला काय मारेल याची धास्ती कंपनीलाही होती. मोनिका त्या रात्री झोपली नाही, आणि सकाळी उठून थेट कड्याखालच्या ओढ्यावर गेली.

ओढ्यातले गोटे गेली चार वर्षं पांढरे होत चालले होते. डोंगरातून विरघळून आलेलं कॅल्शियम, उन्हाळ्यात पाणी आटलं की गोट्यांवर साय धरावी तसं धरत होतं. चुनखडीच ती, बोटबोट जाड. वरून निघालेल्या कार्बनातला काही असा वाटेतच दगड होऊन बसत होता. कंपनीच्या हिशेबी तो कंपनीचा माल होता. 'हात लावू नये' अशी पाटी तिथं होती, आणि ती मोनिकानंच ठोकली होती.

तिनं ती उपटली. लाकडी पाटी होती. पहिल्या भट्टीत छान जळली.

मग गाव कामाला लागलं. चुनखडी फोडायची, भट्टीत भाजायची, खड्ड्यात पाणी ओतून विरवायची. ओढ्यावरून टाक्यावर जायला कंपनीच्या नाक्याची गरज नव्हती, बायांची पायवाट कड्याच्या घळीतून होती. किसनदादांनी आजोबांच्या वेळची चुना मळायची दगडी घाणी उकरून काढली आणि बैल जुंपले. पाणकड्यात हिरडा दारोदार वाळत पडलेला असतो. त्याचं भिजवणीचं पाणी आणि गूळ चुन्यात गेला, कारण जुनी माणसं तसं घालत आणि मोनिकालाही ठाऊक होतं की त्यानं चुना चिवट होतो. बाया घमेली डोक्यावर घेऊन घळ चढू लागल्या. सहा वर्षांत जो डोंगर खाली वाहून गेला होता तो घमेल्याघमेल्यानं वर निघाला. पावसाच्या आत चुना लागून वाळायला हवा होता, एवढीच घाई होती.

कमरेला दोर बांधून मोनिका कड्याच्या कपारीवर उतरली. बाहेरच्या अंगाचं दगडफूल आधी खरवडायचं, मग चुना थापीनं लिंपायचा. खाली बघायचं नाही. पहिला पांढरा पट्टा उठला तेव्हा वर कंपनीचं ड्रोन येऊन घिरट्या घालू लागलं. तिनं त्याला थापी हलवून दाखवली. दोन दिवसांनी तिची नोकरी गेली. तिनं निरोप वाचला आणि चुना कालवायला घेतला.

त्याच आठवड्यात मॅडम आल्या. वैशाखातलं ऊन, उभा चढ, आणि साठीचं वय. टाक्याशी पोचल्या तेव्हा त्यांच्या हातातली बाटली रिकामी होती. मोनिकाला दोरानं वर घेतलं. तिच्या केसांपर्यंत चुना होता.

"तू कंपनीचा कार्बन भाजतेयस, हे कळतंय ना तुला?" मॅडम म्हणाल्या. "मी सहा वर्षं हवेतून ओढला तो तू भट्टीतून परत सोडलास."

"सोडला. आणि भिंतीवरचा चुना वाळताना तोच वायू हवेतून परत घेतोय. त्याशिवाय तो घट्ट होतच नाही, तुम्हीच शिकवलंत. तुमचं दगडफूल दगड खाऊन जे करतं ते आमचा चुना दगड होऊन करतो."

"आणि भट्टीचं सरपण?"

"त्याचा हिशेब आमच्याकडे लागला. तेवढी झाडं आम्ही लावू."

मॅडमनी ओठांवरून जीभ फिरवली. त्यांनी बैठकीच्या धोंड्याजवळचा गोटा उचलला, टाक्यात उतरल्या आणि कड्याकडची भिंत ठोकली. चुना लावूनही ती बद्दच वाजली. त्या वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा विजयी नव्हता, दुःखी होता. "आतला दगड गेलेलाच आहे, मोनिका. तुझा चुना त्याला परत आणणार नाही. पाऊस याला धुईल, भुकटी पुन्हा येऊन बसेल."

"माहीत आहे."

"मग कशासाठी हे?"

"दर चैत्रात लावू," मोनिका म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिनं तो आवरला नाही. "दर वर्षी तो खाईल, दर वर्षी आम्ही लिंपू. टाकं आम्ही तसंही दर वर्षी धुतो. बघू आधी कोण दमतं. तुमचं दगडफूल वाईट नाही, मॅडम. पठारभर वाढू दे, मला त्याचा अभिमान आहे. पण या कडेला नाही. आणि दुसऱ्या गावांनी पट्टा मागितला तर मागू दे. चुना कसा भाजायचा ते मी जाऊन शिकवीन."

बैलांची घाणी करकरत होती. मग झुंबराआत्या पुढं आली. तिच्या हातात टाक्याच्या पाण्यानं भरलेला तांब्या होता.

"घ्या म्याडम. नेम ठावा हाये न्हवं?"

मॅडमना ठाऊक होता. त्यांनी तांब्याकडे पाहिलं, रिकाम्या बाटलीकडे पाहिलं, खालच्या तापलेल्या घळीकडे पाहिलं. मग तांब्या घेतला आणि तोंड न लावता, मान वर करून, पुरा रिकामा केला. आत्यानं दुसरा भरून दिला. तोही संपला.

आत्यानं काथ्याचा किसा पुढं केला. "आधीचंबी ऱ्हायलंय तुमचं."

डॉ. शर्वरी टिळेकरांनी साडी खोचली. जन्मभर जपलेलं आपलं दगडफूल त्यांनी टाक्याच्या काठावरून घासायला घेतलं. त्यांचे डोळे वाहत होते, पण त्यांनी हात राखून घासलं नाही. नेमलेला कोपरा काळा कुळकुळीत निघाला तेव्हाच त्या उठल्या.

"पाणी प्यायले म्हणून घासलं," किसा खाली ठेवत त्या म्हणाल्या. "माझं मत बदललेलं नाही. उद्या कोर्टाची नोटीस येईल, मोनिका. ती मी थांबवणार नाही."

"येऊ द्या," मोनिका म्हणाली आणि दोराची गाठ कमरेला पुन्हा कसू लागली.

आत्यानं तांब्या टाक्याच्या कुंडात बुडवून भरला, पदरानं बूड पुसलं आणि बैठकीच्या धोंड्यावर तयार ठेवला.

"येऊ द्या की," ती म्हणाली. "चढ लय हाये. घेऊन येनाऱ्याला तहान लागंलच."